आवळलेली गाठ

ही गोष्ट फार जुनी आहे, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी भागाई नावाची विधवा राहत असे. तिचा तरणाताठा मुलगा धाकलू कड्यावरची पोळी उतरवून मध आणायचा. त्याच्याशिवाय तिला कुणी नव्हतं.

भागाईच्या मनात एक भीती घर करून बसली होती. रानडुकराने तिच्या नवऱ्याची मांडी फाडली, तेव्हा ती नुसती हंबरडा फोडत राहिली आणि त्याचं रक्त तिच्यादेखत मातीत जिरलं. तेव्हापासून कुणाचं बोट कापलं तरी तिचे हातपाय गळत.

एके सकाळी धाकलू हात छातीशी धरून धडपडत घरी आला. कोयता निसटून मनगटाच्या वर खोल घाव बसला होता. रक्ताची धार लागली होती.

या वेळी भागाई रडत बसली नाही. तिने लुगड्याची पट्टी फाडली, दंडाला करकचून आवळली, गाठीत काठी घालून पीळ दिला. धार थांबली.

निरोप मिळताच दुपारी पलीकडच्या खोऱ्यातला म्हातारा वैद्य आला. त्याने धाकलूची बोटं दाबून पाहिली आणि तो म्हणाला, "बांधलंस ते बरं केलंस, बाई. पण आता गाठ सोड. मी घावावरच कापड दाबून धरतो. थोडं रक्त जाईल, तेवढं जाऊ दे."

"थोडं?" भागाई कडाडली. "थोडं थोडं करतच याचा बाप गेला!"

"अगं, रक्त म्हणजे रांजणातलं पाणी नव्हे, साठवून ठेवायला. ते काळजातून निघतं, बोटांच्या टोकापर्यंत प्राण पोचवतं आणि तिथला मळ घेऊन माघारी येतं. ही फेरी थांबली की हात उपाशी मरतो."

"आई, हात नुसता जळतोय गं," धाकलू कळवळला. "सोड ना."

भागाईने घरातला कोयता उचलला. "गाठीला कुणी हात लावाल तर बघा!"

वैद्य हताश होऊन ओट्यावर जाऊन बसला.

दिवस कलला तसा धाकलू शांत झाला. "आता दुखत नाही, आई." भागाईला हायसं वाटलं. ती त्याची बोटं कुरवाळत बसली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तू माझा हात धरलायस का? मला काहीच कळत नाही."

सकाळी बोटं काळीनिळी पडली होती. धाकलू तापाने फणफणला होता. वैद्य रात्रभर ओट्यावरच होता; भागाई धावत जाऊन त्याच्या पायांवर कोसळली. "सोडा हो गाठ! तुम्ही म्हणाल ते करते!"

वैद्याने हात पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "आता सोडली तर हातात साचलेलं विष अंगभर धावेल. हात तोडावा, तर ते सोसायची ताकद त्याच्यात उरलेली नाही. कालच सोडायला हवी होती, बाई."

ऊन डोक्यावर यायच्या आत धाकलू गेला. त्याचं रक्त अंगातच होतं.

भागाई सुजलेल्या मांसात रुतलेली ती गाठ नखांनी सोडवत राहिली. तिला कुणी अडवलं नाही. आणि गाठ काही सुटली नाही.

म्हणून सांगतो : जे वाहतं राहिलं तरच जगवतं, ते भीतीपोटी आवळून धरलं, तर ज्याला वाचवायचं तोच आपल्या हातून मरतो.