खर्डेकरांच्या हातातला नारळ

१२ डिसेंबर १९७१, कोल्हापूर. सकाळी धुकं, दहानंतर स्वच्छ ऊन.

ताराबाई शिर्के नवऱ्याची जुनी अमेरिकन टूरिंग गाडी विकणार होत्या. सांगलीचे आरवाडे आधीच येऊन स्टिअरिंगवर बसलेले पाहून सरदार खर्डेकरांच्या पोटात दुखू लागलं. ही गाडी आरवाड्यांच्या दारात उभी राहिली, तर खर्डेकरांना अन्न गोड लागणार नव्हतं.

"भंगार आहे हो! मला फुकटसुद्धा नको," ते मोठ्यानं म्हणाले.

आरवाडे चपापले. ताराबाई मात्र आतून नारळ घेऊन आल्या.

"सरदार, तुम्हाला नको म्हणजे ती आरवाड्यांची झाली. नारळ तुम्हीच वाढवा. थोरांचा हात लागलेला बरा."

खर्डेकरांनी नारळ उचलला, पण हात काही खाली येईना.

"थांबा, बाईसाहेब. मीच घेतो."

गाडी ताराबाईंनी सांगितलेल्या किमतीला खर्डेकरांकडे गेली. नारळ आरवाड्यांनी वाढवला.