टिटवीचा मोडका पंख

जंगलात जिप्सीगाड्या नव्यानेच यायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका घाबरट टिटवीने वाटेकडेच्या खड्यांत चार अंडी घातली होती. समोर वाघोबा येऊन पहुडले आणि ते नीट दिसावेत म्हणून एक जिप्सी मागे सरकू लागली, ती थेट अंड्यांवरच. टिटवी अंड्यांवरून उठून धावली. तिने शत्रूला अंड्यांपासून दूर न्यायचं टिटव्यांचं ठेवणीतलं सोंग काढलं आणि पंख मोडल्यासारखी लंगडत ती ओरडत गाडीमागे नाचू लागली. पण सगळे कॅमेरे वाघाकडे.

"गप गं," मोठा कॅमेरा खेकसला. "वाघ जांभई देतोय."

"कालच्यासारखीच देतोय," मागच्या सीटवरचा जुना कॅमेरा पुटपुटला. "मला हे लंगडणं बघू दे."

तो वळला, तशी त्याची मालकीणही वळली. भिंगातून तिला आधी टिटवी दिसली, मग अंडी.

"दादा, गाडी थांबवा, खाली अंडी आहेत."

चाक वीतभर अलीकडे थांबलं.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे कॅमेरे टिटवीकडे वळले. वाघोबांनी तीनदा जांभई दिली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी ते टिटवीजवळ येऊन हळूच म्हणाले, "टिटवीबाई, लंगडताना आधी डावा पाय टाकायचा की उजवा?"