अडतीस कुकारे

“आता तरी मला शिष्य करून घ्याल ना, महाराज?”

विचारता विचारताच वृंदानं स्क्रीन सोमगीर महाराजांकडे वळवली. तिला धीर निघत नव्हता. आठ दिवस ती डोंगरावरच्या या मठात झाडलोट करत होती. महाराज हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आज सकाळी मात्र म्हणाले होते, “कॉम्प्युटरला नवी सिस्टिम लागते म्हणतात. घालून दे. सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे. मग बघू.”

एवढंच! वृंदाच्या तर हा डाव्या हातचा मळ.

कॉम्प्युटरपुढे एकच स्टूल होतं, महाराजांचं. त्यावर दुसरं कोणी बसत नसे. वृंदानं गुडघ्यांवर बसूनच सगळं काम केलं.

जुना डेस्कटॉप बघून तिला हसूच आलं होतं. मूठभर नाचणी भिरकावावी तशा अडतीस फाइली पसरलेल्या. नावं तरी कशी? ‘ध्वनी ४’, ‘ध्वनी १९’, ‘ध्वनी १९ नवीन’. मागे एक मळकट फोटो. नुसती दरी आणि मधूनमधून कौलं.

तिनं फोटो काढून टाकला. फाइली नावाप्रमाणे ओळीत लावून एका फोल्डरमध्ये घातल्या. फोल्डरचं नाव ठेवलं ‘आवाज’.

“बघा महाराज! एकच फोल्डर, बाकी सगळं मोकळं. आता काही हरवायचं नाव नाही.”

महाराज जवळ सरकले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरं त्यांना केव्हाच दिसेनाशी झाली होती. त्यांनी बोट उचललं आणि स्क्रीनवर उजवीकडे, वरून वीतभर खाली, नेमकं टेकवलं.

तिथं काहीच नव्हतं.

“ठकूबाई कुठं गेली?”

“कोण ठकूबाई?”

बोट डावीकडे सरकलं... थांबलं.

“आणि बिरूचं घर?”

“मी हितंच हाय की, महाराज! कुटं जातीया?” दारातून आवाज आला. दुधाची चरवी घेऊन ठकूबाईच उभी होती. तिनं वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “झालं! ही तिसरी खेप. दर येळी कुनीतरी नवं काय घालतंय, आन् आमची घरं उठत्यात.”

“घरं?” वृंदानं विचारलं.

“आगं बाय, खाली आमचा धनगरवाडा. अडतीस घरं. पर्तेक घराचा कुकारा निराळा, हाक मारायची तऱ्हा निराळी. धुकं उतरलं की रानात मानूस वाट चुकतंय. मग महाराज हितनं कर्न्यावर त्याच्या घराचा कुकारा लावत्यात. त्यो ऐकत ऐकत मानूस घरला येतंय. आता कुनाचा कुठला, कसं कळायचं?”

वृंदाच्या हातातला माउस थांबला.

तो मळकट फोटो... तो धनगरवाडा होता. आणि एकेक फाइल एकेका घरावर ठेवलेली होती.

तिनं घाईघाईनं फोटो शोधून परत लावला. फाइली फोल्डरमधून बाहेर काढल्या. त्या निमूटपणे डाव्या कडेला रांगेत उभ्या राहिल्या. केलेलं मागे घेऊन पाहिलं, एकदा, दोनदा, दहादा. रांग काही मोडेना.

“महाराज, फाइली आधी कुठं कुठं होत्या, त्याची दुसरी प्रत आहे का हो कुठे?”

महाराज उठले. भिंत चाचपत गेले आणि खिडकी सताड उघडली.

“ही काय.”

खाली दरी होती. मधूनमधून कौलं.

वृंदा दाराकडे वळली.

“ठकूबाई, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळे कुकारे ओळखू येत असतील.”

ठकूबाईनं तोंड उघडलं. महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कर्ण्याची वायर उचलून त्यांनी वृंदाच्या हातात दिली.

तिनं वायर जोडली. पहिल्या फाइलवर क्लिक केलं.

“हूऽऽ... हुर्रर्र... हो!”

दरी दणाणली.

“धुकं न्हाई, काय न्हाई, आन् कुकारं!” ठकूबाई पुटपुटली. “येड लागलं म्हनत्याल मठाला.”

काही क्षण नुसता वारा... आणि मग लांबून, अगदी बारीक, पण तोच सूर उत्तरादाखल आला. ओढ्याजवळच्या घरातून एक म्हातारा अंगणात आला आणि घोंगडी हलवू लागला.

“ओढ्याजवळचं!” वृंदा ओरडली. तिनं फाइल उचलून फोटोतल्या त्या कौलांवर ठेवली. दुसरी लावली. टेकाडावरून उत्तर आलं. तिसरी. गोठ्यामागून! ती खिडकीकडे धावायची आणि परत येऊन गुडघ्यांवर बसायची. गुडघे सोलवटले, तिला पत्ता नव्हता.

विसाव्या कुकाऱ्याला सगळा धनगरवाडा अंगणात उतरला होता. जो तो आपल्या पाळीची वाट बघत होता. बायका एकमेकींना गप्प करत होत्या. एकानं तर पाळी नसतानाच कुकारा घातला.

“त्यो बिरू!” ठकूबाईला राहवलं नाही. “त्येला कवा दम निगतोय!”

महाराज खिडकीशी डोळे मिटून उभे होते.

सदतीस झाले. अडतिसावा लावला.

वारा...

पुन्हा लावला. कोणी हललं नाही. फोटोत एकच घर उरलं होतं, पार कडेचं. खिडकीतून पाहिलं तर दार बंद आणि कौलांवर गवत वाढलेलं.

“यसाजीचं,” ठकूबाई हळू बोलली. “चार वर्सं झाली. पोरासंगं शहराकडं गेल्यात सगळी.”

वृंदानं ती फाइल धरून ठेवली होती. सकाळी तिनं ती कोणाला न विचारता पुसून टाकली असती.

“महाराज... इथं उत्तर द्यायला कोणीच नाही. हिचं काय करू?”

महाराज वळले. चाचपत आले आणि आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“बस,” ते म्हणाले. “आवाज वाढव.”