तळ्यावरचा वाद

फार पूर्वी शालवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सधन घरात जन्मला आणि सुदत्तक या नावाने आश्रमात शिकू लागला. तो बुद्धिमान होता, पण महातापट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

त्या वर्षी दुष्काळ पडला. गाव पाण्यावाचून तडफडत होते आणि आश्रमाच्या तळ्यावर विद्यार्थी दोनदा आंघोळ करीत होते. आश्रमातच शिकणाऱ्या वल्लिक या बुरुडाच्या मुलाने ताडपत्रांवर लिहिले की तळे गावाला खुले करावे. त्यात एक वाक्य होते, ‘हे तळे बांधणाऱ्याने ते नावासाठी बांधले.’ बांधणारा म्हणजे सुदत्तकाचा वारलेला बाप. सुदत्तकाने तेवढे वाचले आणि रागाने लगेच उत्तर लिहून टाकले.

आश्रमाचा नियम असा, की आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल असे सांगायचे, मगच खोडायचे. ज्याचे म्हणणे खोडले जाई, त्याला आश्रम सोडावा लागे.

सभेत सुदत्तक म्हणाला, “वल्लिक माझ्या वडिलांना पापी म्हणतो.”

“असं मी कुठंही लिहिलेलं नाही,” वल्लिक म्हणाला.

आचार्यांनी पाने तपासली. “खरं आहे. सुदत्तका, पुन्हा वाच.”

थोरला विद्यार्थी भद्रघोष हसला. “बुरुडाच्या पोराचं काय वाचायचं? हाकला त्याला.”

खरे तर त्याने स्वतः एकही पान वाचले नव्हते. असल्या शहाण्यांचा संताप येतो.

सुदत्तकाने उभ्यानेच सगळी पाने वाचली. राग तसाच होता.

तो म्हणाला, “वल्लिक म्हणतो, तहानलेल्याला काठावर अडवून आपण अंग धुतो, हे शिकणं नव्हे. वडिलांबद्दलचं वाक्य मला लागलं, अजून लागतंय. पण ते खोटं आहे असं मला दाखवता येत नाही.”

“हेच मी लिहिलंय,” वल्लिक म्हणाला.

“आता माझा विरोध. सगळ्यांना एकदम सोडलं तर तळं आठ दिवसांत आटेल. पाळ्या लावा. आणि आजपासून आपल्या आंघोळी बंद.”

भद्रघोष ओरडला, “तू त्याला खोडतोयस की त्याची वकिली करतोयस?”

“तू आधी वाच,” सुदत्तक म्हणाला.

आचार्यांनी पाळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायांनी तळ्यावर घागरी भरल्या, आणि म्हणणे खोडले न गेल्याने वल्लिक आश्रमातच राहिला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, एका धाकट्या भिक्षूशी भांडणाऱ्या भिक्षूंना म्हणाले, “वल्लिक म्हणजे आजचा हा धाकटा भिक्षू, न वाचता हसणारा भद्रघोष तुमच्यातच बसला आहे, आणि तापट सुदत्तक मीच होतो. राग मलाही आला होता. तरी शेवटचे पान वाचेपर्यंत थांबणे, यालाच क्षांती म्हणतात.”