ठमायचा बांध

आजचे म्हातारे जन्मले नव्हते, त्यांचे आजेसुद्धा जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. दांडखार गावात ठमाय नावाची बाई राहायची. अंगानं अगदी काडी, पण जीभ अशी की भरतीला थांब म्हणाली तर भरतीसुद्धा घटकाभर विचारात पडायची, असं म्हणतात.

दांडखार खाडीच्या काठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये चिखलाचा एक लांबलचक बांध, तेवढाच काय तो आडोसा. गावात बावीस घरं, आणि बांधाचे बावीस तुकडे. ज्याचं शेत ज्या तुकड्यामागं, त्यानं उन्हाळ्यात तो तुकडा चिखल घालून पक्का करायचा. ऐकायला किती न्यायाचं, नाही? पण जोमा पाटलाच्या घरात पाच धट्टेकट्टे पुरुष, त्याचा तुकडा डोक्यावर जाईल एवढा उंच. आणि ठमाय विधवा, मागंपुढं कुणी नाही, तिचा तुकडा गुडघ्याएवढा. आता समुद्र काय उंच बांधाशी मारामारी करत बसतो? तो ठमायच्या तुकड्यावरनं आत शिरायचा आणि बावीसही घरांची शेतं खारट करून जायचा.

लागोपाठ दोन वर्षं तसंच झालं. भात नाही, पेंढा नाही. गाव चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणि झाडपाला खाऊन जगलं. मग देवळासमोर बैठक बसली आणि ठरलं की यंदा ठमायच्या तुकड्यावरनं पाणी आलं, तर तिनं गाव सोडायचं. सगळ्यात मोठा आवाज जोमाचा.

"ठमे, तुझ्यापायी माझी नातवंडं उपाशी झोपतात," तो म्हणाला. आणि ते काही खोटं नव्हतं हो.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून ठमायला दुसरं गाव ठाऊक नव्हतं. पण ती रडली नाही.

"जाईन," ती म्हणाली. "पण जोमादादा, एक सांग. तुझा बांध एवढा उंच, मग तुझं शेत सुकं राहिलं का?"

जोमानं नाही म्हणून मान हलवली.

"नाय ना? मग यंदा एक करू. प्रत्येकानं आपल्या खुणेची शिंपली एका टोपलीत टाकायची. डोळे मिटून एक उचलायची. ज्याच्या हाती ज्याची शिंपली येईल, त्यानं त्याचा तुकडा बांधायचा."

एवढा गलका झाला म्हणता! पण गंमत बघा, मनातनं प्रत्येकाला वाटलं, बरं झालं, माझा तुकडा किती अवघड आहे ते आता दुसऱ्याला कळेल. म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. टोपली फिरली. ठमायच्या हाती जोमाची शिंपली आली. आणि जोमाच्या हाती कुणाची? ठमायची! असं म्हणतात की त्या वेळी देवळातली घंटा आपोआप वाजली. वारा असेल, नसेल. मी काही तिथं नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून गावाची झोप उडाली. आपला तुकडा परक्याच्या हाती! त्यानं नीट बांधला नाही तर? मग काय, ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर राबणाऱ्याला भाकरी न्यायला सुरुवात केली, ताक न्यायला सुरुवात केली. प्रेमानं नव्हे, चक्क भीतीनं! पण भाकरी भीतीनं नेली काय आणि प्रेमानं नेली काय, पोटात गेल्यावर सारखीच. खाणारा लाजेकाजेनं दोन पाट्या चिखल जास्तच टाकायचा.

जोमा मात्र फुगून बसला. ठमायच्या तुकड्यावर जायचा आणि तिवराच्या झाडाच्या सावलीत पाठ फिरवून बसायचा. ठमाय रोज यायची. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवायची आणि म्हणायची, "माझा बांध तुझ्या हातात हाय, दादा." बस, एवढंच. मग जोमाच्या तुकड्याकडं निघून जायची. गाव सुटणार, हे तिला दिसत होतं.

आठव्या दिवशी जोमाला राहवलं नाही. ही काडीपैलवान माझ्या बांधाचं काय करतेय ते बघू, म्हणून तो गेला. बघतो तर ठमाय आडवी पडलेली, खांद्यापर्यंत हात त्याच्या बांधात घातलेला, आणि शेजारी टोपलीभर चिंबोऱ्या! बाहेरनं किल्ल्यासारखा दिसणारा तो बांध आतनं चिंबोऱ्यांनी पोखरला होता. पाच पुरुषांनी वर चिखल चढवला होता, वाकून खाली कुणी बघितलंच नव्हतं. एकेका बिळात हात घालून ती चिंबोरी ओढत होती आणि बीळ चिखलानं ठासून भरत होती. बोटं रक्तानं लाल झालेली.

"ठमावयनी," जोमा म्हणाला, "हे मला का नाय सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? तुझी शिंपली माझ्या हाती आलीय."

जोमा तसाच मागं फिरला. असं म्हणतात की तो सात दिवस कंबर सरळ न करता राबला. एकेक ढेकूळ वासराएवढं उचलायचा, आणि त्याचा घाम पडला तिथं चिखल दगडासारखा घट्ट व्हायचा.

मग आषाढातल्या अवसेचं उधाण आलं. भर दुपारी, वर तुफान वारा. बावीसही घरं बांधावर उभी, आणि आपल्या तुकड्यावर एकही नाही! जो तो आपण बांधलेल्या तुकड्यावर. जोमा ठमायच्या तुकड्यावर दोन्ही पाय रोवून उभा, आणि ठमाय त्याच्या तुकड्यावर देवाचा धावा करतेय. असं म्हणतात की पाणी बांधापेक्षा वीतभर उंच चढलं, तरी आत सांडलं नाही. भुकेलं कुत्रं दारोदार हुंगत फिरावं, तसा समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. त्याला फट सापडली नाही. तो परत गेला.

त्या साली भात असा पिकला की कणगे पुरेनात. जोमानं पहिल्या भाताची भरलेलं सूप डोक्यावर घेतलं आणि सगळ्या गावादेखत ठमायच्या दारात ठेवलं. "वयनी, हे तुझ्या हाताचं," म्हणाला आणि ढसाढसा रडला. ठमायही रडली. गाव सुटणार म्हणून जी रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली.

ठमाय पिकल्या वयात गेली. तिच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून तिच्या तुकड्याला मालक नाही. पण दांडखारला अजूनही दर उन्हाळ्यात टोपली फिरते. कुणी स्वतःचा तुकडा बांधत नाही. स्वतःचीच शिंपली हाती आली तर लोक हसतात आणि ती परत टाकायला लावतात. जो आपल्यासाठी राबतो त्याला भाकरी जाते, आणि "माझा बांध तुझ्या हातात हाय" असं म्हटल्याशिवाय ती कुणी खाली ठेवत नाही. पहिल्या भाताचं सूपही त्याच्याच घरी जातं.

आणि काम सुरू करण्याआधी लहानथोर सगळे ठमायच्या तुकड्यावर एकेक ढेकूळ ठेवतात. किती वर्षं झाली, कुणी मोजलं नाही. कधी गेलात तर त्यावर चढून बघा, खाडी पार मुखापर्यंत दिसते. जिथनं समुद्र आत शिरायचा, ती जागा आज अख्ख्या गावात सगळ्यात उंच आहे.