शेकरूची स्वच्छ कॉफी

मुलांनो, एका डोंगरउतारावर उंच झाडांच्या सावलीला कॉफीची झुडपे वाढत, आणि त्या झुडपांच्या जिवावर एका शेकरूने आपला व्यापार थाटला होता. माकडे लालबुंद फळे तोडून आणत. ती दगडावर रगडून साल काढायची, चिकट बिया भिजत घालायच्या आणि मग ओढ्याच्या धारेत खळखळून धुवायच्या, अशी तिथली रीत. शेकरू बोलायला मोठे गोड. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी सावलीत बसवणार, घरची विचारपूस करणार, मग मालाचे नाव काढणार. शेकरूची कॉफी म्हणजे स्वच्छ कॉफी, असा त्याचा दूरवर लौकिक होता.

एका हंगामात फळे पोखरणारे भुंगेरे आले आणि शेकरूच्या तोंडचे पाणी पळाले. माणसांच्या मळ्याकडे औषधाचे काही डबे पडलेले होते. माकडांनी ते उचलून आणले आणि झुडपांवर शिंपडले. भुंगेरे पटापट गळून पडले. पण शेकरूला काळजी आपल्या नावाची! "मालाला औषधाचा वासही राहता कामा नये," ते माकडांना बजावू लागले. "दोनदा धुवा रे, तीनदा धुवा!" बिया अशा लखलखीत निघाल्या की गिऱ्हाईक खूश झाले. धुतलेले औषध कुठे गेले, हे मात्र कोणी विचारले नाही.

मग एके दिवशी खालच्या डोहातली पाणमांजरी धापा टाकत वर आली. "शेकरूभाऊ, तुमचं धुणं थांबवा. डोहातले मासे उलटे तरंगताहेत, खेकडे बिळं सोडून काठावर येऊन मरताहेत. माझी दोन्ही पिल्लं कालपासून उठलेली नाहीत."

"अहो ताई, बसा तर आधी," शेकरू म्हणाले. "आमच्या ओढ्याचं पाणी वाईट कसं असेल? मी स्वतः रोज हेच पितो. बघा, कसा ठणठणीत आहे!"

"तुम्ही पिता ते धुण्याआधीचं. आमच्याकडे येतं ते धुतल्यानंतरचं."

माकडे खिदळली. "डोहात बसून बसून हिला सगळंच गढूळ दिसतं!" एक माकड म्हणाले. शेकरू हसले नाही. पण त्याला बोलणे पटलेही नाही. आपल्या इतक्या स्वच्छ कामातून घाण निघेल कशी? तरी शेजारीण आजारी पिल्लांचे सांगते म्हटल्यावर गेले पाहिजे. म्हणून पिकलेली अंजिरे घेऊन ते प्रथमच ओढ्याच्या काठाकाठाने खाली उतरले.

वाटेत एकही बेडूक टुणकन उडाला नाही. डोहाकाठी दोन पिल्ले पोट खपाटीला गेलेली, डोळे मिटून पडली होती. पाहुणा दारी आला म्हणून पाणमांजरीने सवयीने पानाचा द्रोण डोहात बुडवला आणि शेकरूपुढे धरला. चालून चालून शेकरूच्या घशाला कोरड पडली होती. त्याने पंजे पुढे केले. तोच तिने द्रोण झटकन मागे ओढला आणि जमिनीवर उपडा केला.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "पाहुण्याला हे देववत नाही मला."

शेकरू उभ्या पावली मागे वळले. धावतच ते वर गेले आणि धुण्याचे काम त्याच घटकेला बंद पाडले. औषधाचे डबे ओढ्यापासून दूर नेऊन कोरड्या कपारीत बंद करायला लावले. उरलेली फळे आता झुडपांवरच सडणार होती, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतणार होते. शेकरूने त्याचे दुःख केले नाही. लगेच पुन्हा खाली येऊन पाहते तो पाणमांजरी एक पिल्लू तोंडात धरून निघाली होती. दुसरे काठावरच्या वाळूत तिने पुरले होते.

"ताई, थांबा ना," शेकरू काकुळतीला आले. "धुणं बंद केलंय. पाणी आता निवळेल."

पाणमांजरीने पिल्लू क्षणभर खाली ठेवले. "निवळेल, भाऊ. पण याला तहान आज लागलीय."

आणि तिने पिल्लू उचलून डोंगरापलीकडची वाट धरली.

तात्पर्य : आपले काम किती स्वच्छ आहे, हे आपल्या दारात पाहून कळत नाही, आपले पाणी वाहत ज्याच्या दारी जाते, त्याच्याकडे जाऊन पाहावे, आणि तेही वेळेवर.