‘ट्रेड’चा माग

“म्हणजे ‘ट्रेड’ म्हणजे व्यापार नव्हेच?” धोंडगिरबुवांनी विचारलं.

“आता आहे. मुळात नव्हता,” नरहर मास्तर म्हणाले आणि सरसावून बसले.

मास्तर घाटाखालच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आठ वर्षं एका जाडजूड वहीत इंग्रजी शब्दांची कुळं उतरवून काढत होते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. डोंगराच्या पायथ्याच्या मठात यायचे, बुवांच्या पाया पडायचे, गुरुजी-गुरुजी करायचे आणि तासभर बुवांनाच शिकवून परत जायचे. बुवा ऐकून घेत.

“सहाशे वर्षांपूर्वी, बुवा, उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या बोलीत ट्रेड म्हणजे माग. माणसांच्या पायांनी पडलेला माग. इंग्रजीत तुडवण्याला जो शब्द आहे, तो याचा सख्खा भाऊ. इंग्रजांनी तो उचलला. आधी नुसती वाट. मग जहाजाची ठरलेली दिशा. मग माणसाचा रोजचा रिवाज. मग पोटापाण्याचा धंदा. देवघेव सगळ्यात शेवटी आली.”

“असं...”

“आणि आमच्या भूगोलाच्या पुस्तकात काय छापलंय? व्यापारी वारे! अहो, वारा कसला व्यापार करतोय? ट्रेड विंड म्हणजे आपली एक वाट धरून वाहणारा वारा. पोरांना वाटतं, वारा गोणी लादून बाजाराला निघालाय!”

बुवा खो खो हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, “मग याला मराठीत काय म्हणशील?”

मास्तरांचा चेहरा पडला. नेमकं दुखऱ्या जागी बोट.

“तिथंच आठ वर्षं गाडं अडलंय. वाट ती वाट, व्यापार तो व्यापार. दोन्ही पोटात घेणारा शब्द मराठीत नाहीच. या बाबतीत आपली भाषा दरिद्री आहे, बुवा.”

“दरिद्री...”

बुवा मास्तरांच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बघत होते. मास्तरांनी तो आत दाबला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मास्तर शब्दासाठी आलेच नव्हते. त्या कागदानं त्यांची झोप उडवली होती.

मठाच्या मागून एक वाट डोंगर चढून वरच्या बाजाराला जायची. किनाऱ्यावरच्या कोळणी सुके बोंबील आणि मीठ घेऊन त्या वाटेनं वर जात, आणि बदल्यात जोंधळे, घेवडा, मिरच्या घेऊन खाली येत. शिमग्यानंतर दाजीसाहेबांनी तो उतार विकत घेतला आणि मठाला लागूनच काटेरी कुंपण घातलं. गाडीरस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळं बायका मासळी दाजीसाहेबांच्याच दुकानात टाकू लागल्या. ते देतील ते निमूट घ्यायचं.

चांगुणा कोळणीनं अंगठा उठवून तक्रार केली. आज दुपारी मामलेदार जागा बघायला येणार होते. वाट असेल तर कुंपण निघणार, नसेल तर प्रकरण कायमचं बंद. आणि वाट तिथं नसल्याचा कागद दाजीसाहेबांनी मास्तरांकडून लिहून घेतला होता. मोत्यासारख्या अक्षरात. सही तेवढी मामलेदारांसमोर करायची होती.

दाजीसाहेब शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. मास्तरांनी नाही म्हणायचं तरी कसं?

“बुवा,” मास्तर अखेर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माणसानं नोकरी राखावी की...”

“की काय?”

मास्तरांचा हात नकळत खिशाकडं गेला.

तेवढ्यात दाराशी टोपली आदळली. चांगुणा. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत नुसता जाळ.

“बुवा, सात जणी आल्यात माज्यासंगं. आज टोपल्या दाजीसायबाच्या दुकानात टाकणार नाय म्हंजे नाय! सायेब येऊ दे न्हाय तर त्याचा बा येऊ दे.” मग तिची नजर मास्तरांवर गेली. “ह्ये पन हायेत व्हय हितं? बरं झालं. मास्तर, तुमी म्हनं लिवून दिलंत, वाट न्हवती म्हून?”

“अजून सही नाही केली मी,” मास्तर पुटपुटले.

“नऊ वर्सं ह्याच वाटंनं आलेले जोंधळे खाल्लेत तुमी! माजी आजेसासू ह्या वाटंनं गेली, सासू गेली, मी ग्येले. वहिवाट हाय आमची ती! कागदानं पुसतीय व्हय?”

बुवांनी हात पुढं केला. “नरहर, कागद वाच.”

“बुवा, कशाला...”

“वाच. मोठ्यानं.”

मास्तरांनी घडी उलगडली. अक्षर सुरेख होतं.

“सदर डोंगरउतारावरून... कोळणींची... कोळणींची वहिवाट...”

मास्तर थांबले. पुन्हा त्याच शब्दाकडं बघितलं.

वहिवाट. वापरात असलेली वाट. चालत आलेला रिवाज. अमक्याच्या पेढीची वहिवाट तमका बघतो, असं त्यांचे आजोबाच म्हणायचे. वाट, रिवाज, धंदा, तिन्ही एका पोटात. आठ वर्षं दुनियेचे कोश पालथे घातले, आणि शब्द चार दिवसांपूर्वी आपल्याच हातानं लिहिला होता! तोही तो नाही म्हणून सांगायला.

“अरे देवा,” मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःची इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

“सापडला?” बुवांनी विचारलं.

“सापडला, बुवा.”

“मग वहीत लिही.”

“बुवा, थट्टा नका करू. मी... मी आता काय करू?”

बुवा उठले. दाराबाहेर मास्तरांच्या वहाणा होत्या, आठवड्यापूर्वी दिवाळीला घेतलेल्या, नव्या कोऱ्या, करकर वाजणाऱ्या. बुवांनी त्या उचलल्या, मठाच्या मागच्या अंगाला गेले, आणि काही कळायच्या आत एक वहाण कुंपणापलीकडं भिरकावली.

“अहो बुवा!”

दुसरीही गेली. पावसात माजलेल्या कमरेएवढ्या गवतात कुठं पडली ते दिसलंसुद्धा नाही.

चांगुणानं तोंडाला पदर लावला.

मास्तर तिथंच खुळ्यासारखे उभे राहिले. पाय अनवाणी, हातात कागद. बुवांकडं बघितलं. बुवा डोंगराकडं बघत होते...

मग मास्तरांना राग आला. बुवांचा आला, दाजीसाहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आपल्या त्या सुरेख अक्षराचा. त्यांनी कागद खिशात कोंबला, धोतराचा काचा मारला आणि कुंपणाची पहिली काटेरी फांदी दोन्ही हातांनी धरून ओढली. तळहाताला रक्त आलं. दुसरी ओढली. तिसरी ओढली. माणूस जाईल एवढी फट पडली तसे ते आत घुसले.

पायात काटा मोडला. “आई गं!” मास्तर ओरडले, पण थांबले नाहीत. गवत तुडवत, चाचपडत पुढं गेले. एक वहाण मिळाली. दुसरी दहा पावलांवर मिळाली. ती उचलायला वाकले तेव्हा पायाखाली काही तरी लागलं, म्हणून त्यांनी गवत बाजूला केलं.

खाली पायरी होती. पायांनी झिजलेला काळा कातळ, मधोमध खोलगट. त्याच्या वर दुसरी, त्याच्या वर तिसरी.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते त्या पायरीवर उभे राहिले. वहाणा हातातच होत्या.

तोवर मठापाशी जीप थांबली. मामलेदार उतरले, मागोमाग दाजीसाहेब. कुंपणाला पडलेली फट बघून दाजीसाहेबांचा पारा चढला.

“हे कोणी केलं?”

“मी,” पलीकडून मास्तर म्हणाले.

“मास्तर? तुम्ही?” दाजीसाहेबांनी मामलेदारांकडं बघून आवाज खाली आणला. “असू दे, असू दे. या इकडं. साहेबांना तो कागद द्या, सही करा आणि सुटा.”

मास्तर लंगडत फटीपाशी आले. खिशातून पेन काढलं, कागद मांडीवर धरला, शेवटचा शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि खाली सही ठोकली. रक्ताचं बोट कागदाला लागलं.

“कागदात एक शब्द चुकला होता, साहेब. ‘वहिवाट’ बरोबर आहे. ‘नाही’ तेवढं चुकलं होतं. ‘आहे’ केलंय.”

दाजीसाहेब लालबुंद झाले. “सुट्टी संपून शाळा उघडल्यावर कमिटीसमोर उभं राहायचंय, मास्तर! विसरलात?”

“राहीन की उभा. अनवाणी राहीन. तुम्ही फक्त तारीख कळवा.”

नरहर मास्तर असं बोलतील यावर गावात कुणी विश्वास ठेवला नसता. खुद्द मास्तरांचाही बसत नव्हता. मान मात्र ताठ होती.

मामलेदारांनी कागद वाचला आणि घडी घातली.

“मास्तर, कागद दोन्ही बाजूंनी होतात,” ते कंटाळून म्हणाले. “मला जागेवर बघावं लागतं.” ते पुढं झाले, फटीत उभे राहिले, कमरेवर हात ठेवून वर डोंगरापर्यंत नजर टाकली. “गवत आहे सगळं. कुठाय वाट?”

“तेच म्हणतोय मी!” दाजीसाहेब म्हणाले.

मास्तर पायरीबद्दल सांगायला तोंड उघडणार, तोच बुवांनी हात वर केला. मास्तर थांबले.

मामलेदारांच्या मागं चांगुणानं टोपली डोक्यावर घेतली. तिच्या मागं दुसरीनं घेतली. मग तिसरीनं... आठही जणी ओळीनं उभ्या राहिल्या. बोंबलांचा वास साहेबांच्या नाकापर्यंत गेला तसे ते वळले.

“काय आहे हे? बाबा, मी तुम्हाला विचारतोय. वाट कुठाय?”

बुवांनी नम्रपणे हात जोडले.

“साहेब, जरा बाजूला व्हा. वाटेत उभे आहात.”